टप उघडणारी गाडी, पण कुठली? सेकंड-हँड झेड-फोरची निवड, लोणावळ्याच्या पावसासकट

ज्यांना अख्खा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा विषय म्हणजे माझा मामा आणि त्याची दोन सीटची, टप उघडणारी गाडी.

मामाचं घर कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या रस्त्यावर. आयुष्यभर फिटरची नोकरी, सोबतीला थोडी भातशेती. मागच्या वर्षी रस्त्यालगतची काही गुंठे जमीन विकली. मुलीचं लग्न झालंय, घरावर कर्ज नाही. मग एका रविवारी जेवताना मामा म्हणाला, "आरं, मला टप उघडणारी गाडी घ्यायचीय. तू कम्प्युटरवाला, तू शोध."

ही इच्छा आजची नाही. त्याने तरुणपणी खंडाळ्याच्या घाटात एक लाल सॅन स्टॉर्म बघितली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलं नसेल. १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्या शेजारी गोव्यात बनायला लागलेली ही दोन सीटची ओपन गाडी. फायबरची बॉडी आणि आत रेनॉचं १.२ लिटरचं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. स्पोर्ट्स कार म्हणून ताकद बेताचीच, पण घाटात टप उघडून निघाली की लोक थांबून बघायचे. आता ती नवीन मिळत नाही, आणि जुनी घेतली तर एखादा ट्रिमचा तुकडा शोधण्यात वर्ष जाईल. म्हणून मामाला म्हटलं, "मामा, तशीच पण जरा मोठी बघू." तिथून आम्ही बीएमडब्ल्यू झेड-फोरवर आलो. सेकंड-हँड बाजारात दोन सीटच्या ओपन गाड्यांत पर्याय मुळात मोजकेच, आणि त्यातल्या त्यात झेड-फोर बऱ्यापैकी दिसते.

मामीने एकच अट घातली. "चाळीस लाख. त्यात गाडी, कागद, विमा आणि पहिल्या दोन वर्षांचा खर्च. एकेचाळिसावा लाख मागायला आलात तर दार उघडणार नाही." ही अट म्हणजे मला मिळालेली सगळ्यात स्वच्छ रिक्वायरमेंट. ऑफिसमध्येही इतकी स्पष्ट कोणी देत नाही. आम्ही सहा लाख खर्चासाठी बाजूला काढले, म्हणजे गाडीसाठी उरले चौतीस.

झेड-फोर एक नाही, तीन आहेत

बाहेरून सगळ्यांवर नाव एकच, पण आत तीन पिढ्या आहेत. त्यांना कंपनीच्या अंतर्गत कोडने ओळखतात, आणि जाहिरात वाचताना आधी हा कोड मनात लावायचा.

पहिली ई-८५. २००२ च्या शेवटापासून २००८ पर्यंत अमेरिकेत, साऊथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनली. कापडी टप, साधारण दहा सेकंदांत उघडतो. टर्बो नसलेलं, मुख्यतः सहा सिलिंडरचं इंजिन. (नावावरून इथेनॉलशी गल्लत करू नका, त्याचा काही संबंध नाही.) बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या काळातली गाडी असेल तर ती देशात कोणी आणि कशी आणली, याचे कागद जास्तच बारकाईने बघायचे.

दुसरी ई-८९. २००९ ते २०१६, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गची. हिचा टप घडी होणारा, अॅल्युमिनियमचा, दोन तुकड्यांचा. तो उघडायला वीसेक सेकंद लागतात. हिचं बाहेरचं आणि आतलं डिझाइन यूलियाने ब्लासी आणि नादिया आर्नाउट या दोघींनी केलंय. आपल्याकडे मुख्यतः दिसते ती एसड्राइव्ह ३५आय : तीन लिटर, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. २०१३ मध्ये तिचा चेहरा थोडा बदलला.

तिसरी जी-२९. २०१८ मध्ये जगासमोर आली, २०१९ मध्ये भारतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये टोयोटा सुप्राच्या शेजारी बनली. टप पुन्हा कापडी, दहा सेकंदांत आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात चालता चालताही उघडतो. आपल्याकडे ती दोन रूपांत आली : २०आय, म्हणजे चार सिलिंडर आणि १९७ हॉर्सपॉवर, आणि एम४०आय, म्हणजे सहा सिलिंडर आणि ३४० हॉर्सपॉवर.

जी-२९ मामीच्या आकड्यात बसत नव्हती. म्हणून खरी निवड ई-८५ की ई-८९, आणि ई-८९ मध्ये सुरुवातीची की फेसलिफ्ट, एवढीच उरली.

हॉर्सपॉवर विसरा, टप बघा

मी आधी काय केलं? एक्सेल शीट. हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर, टॉर्क, सगळं भरलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की यातलं काहीच आपल्या कामाचं नाही. एक्स्प्रेसवेच्या घाटात कारला वेगमर्यादा ताशी ६०. कामशेत ते पवनानगर रस्त्यावर प्रत्येक वाडीसमोर एक स्पीडब्रेकर, त्यातला अर्धा गावकऱ्यांनी स्वतः घातलेला. तिथे ३०६ काय आणि १९७ काय!

आपल्याकडे निर्णय होतो तो टपावर. लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या गाड्या ज्या देशांसाठी बनल्या तिथला पाऊस आणि आपल्याकडचा जुलै, यात फार फरक आहे.

कापडी टपाचे फायदे खरे आहेत. वजन कमी, यंत्रणा सोपी, घडी झाल्यावर जागा कमी खातो. जी-२९ ची डिकी टप उघडा असो वा बंद, २८१ लिटरच राहते. ई-८९ मध्ये टप बंद असताना ३१० लिटर, पण उघडला की तो डिकीतच जाऊन बसतो आणि उरतात १८० लिटर. म्हणजे दोन बॅगा आणि वरून चिक्कीचे चार डबे.

पण कापडाला आपल्याकडे दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू ओल. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभी राहिली की शिवणीत बुरशी धरते. दुसरा शत्रू माकडं. हसू नका! टायगर पॉइंटला किंवा राजमाचीच्या पॉइंटला गाडी लावून चहा प्यायला गेलात आणि आत वेफर्सचं पाकीट दिसत असेल, तर माकडाला कापड आणि दार यातला फरक लगेच कळतो.

ई-८५ चं एक दुखणं तर जगभर माहीत आहे. टप चालवणारी हायड्रॉलिक मोटर टपाच्या कप्प्याशेजारी खाली, एका कोपऱ्यात बसवलेली असते. टपावरचं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्यात पानं-माती अडकली की पाणी त्याच कोपऱ्यात साचतं आणि मोटर बुडते. युरोपात हे कधीमधी होतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्या मावळच्या माणसाकडे पहिल्याच पावसाळ्यात होईल.

धातूचा टप मग निर्धोक का? नाही. त्यात हायड्रॉलिक सिलिंडर, सेन्सर, वायरी, रबरी सील, सगळंच जास्त. बिघडला तर खर्च मोठा. पण बंद असताना तो साध्या कारच्या टपासारखा वागतो. बंद शेड नसलेल्या घरासाठी मला तो पटला.

कागदांचं गणित

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच जातात.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून आयात केलेल्या चारचाकीला या नूतनीकरणाची फी ४० हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांची फी आणखी वाढली, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. झेड-फोर भारतात कधी जोडली गेली नाही, ती पूर्ण तयारच येते. म्हणजे आज २००६ ची ई-८५ "स्वस्तात" घेणारा माणूस थोड्याच दिवसांत या रांगेत उभा राहणार. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, कारण उरलेला खर्च तुम्ही भरणार असता. तिथल्या आरटीओची एनओसी, आपल्याकडे पुन्हा रस्ता कर, जुन्या राज्याकडून परतावा मागायची वेगळी खटपट. आम्हाला कर्नाटक पासिंगची एक ई-८५ पंधरा लाखांत मिळत होती. हे सगळं मांडल्यावर ती पंधराची राहिली नाही, आणि वर पावसाळा होताच.

शिवाय आता पंपावर ई-२० पेट्रोल. या जुन्या गाड्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल धरून बनल्या होत्या. लगेच इंजिन बसतं असं नाही, पण इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि सील तपासायच्या यादीत वर आले. आणि महिनोन्महिने टाकी भरून गाडी उभी ठेवायची नाही.

विमा : पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. झिरो-डेप बहुतेक ठिकाणी मिळत नाही. म्हणजे एक हेडलाइट फुटला तर मोठा वाटा आपल्या खिशातून जातो.

मुंबईची काळी गाडी

जूनमध्ये मुंबईत एक २०१० ची काळी ई-८९ मिळाली. भाव चोवीस लाख. बजेटपेक्षा दहा लाखांनी कमी! मामाने टोकनचे पैसे खिशातच घेतले होते. पांढरा शर्ट इस्त्री करून आला होता. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याने मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली होती.

एजंटने टप उघडून दाखवला. पहिल्यांदा अर्ध्यात थांबला. "बटण नीट दाबलं नाही." दुसऱ्यांदा उघडला. मी तिसऱ्यांदा बंद करायला लावला, तेव्हा मागून घरघर आली.

मग डिकीतला गालिचा उचलला. खाली हात ओला झाला.

मग मी माझं छोटं ओबीडी रीडर लावलं. हे यंत्र दोन-तीन हजारांत मिळतं आणि फोनला जोडता येतं. एकही एरर नाही. एजंट म्हणाला, "बघा, गाडी क्लीन." इथे माझ्या धंद्यातला अनुभव कामी आला. सर्व्हरवर घोळ झालाय हे माहीत असताना लॉग रिकामा दिसला, तर आम्ही खूश होत नाही. लॉग कोणी पुसला, ते आधी विचारतो. गाडीतही तसंच आहे. एरर कोड पुसले की त्याबरोबर "रेडिनेस मॉनिटर" नावाच्या स्वयंचाचण्याही शून्यावर जातात, आणि गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. या गाडीत बहुतेक चाचण्या अपूर्ण होत्या. म्हणजे कोड नुकतेच पुसलेले, नाहीतर बॅटरी काढून लावलेली.

एजंट म्हणाला, बॅटरी बदललीय. हेही शक्य आहे, म्हणून मी त्याला खोटं ठरवलं नाही. म्हटलं, "मग चार दिवस चालवा, आम्ही रविवारी पुन्हा येऊन स्कॅन करतो. आणि गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघू." त्याने नकार दिला. "दोन गिऱ्हाईकं लाइनीत आहेत, आज टोकन द्या नाहीतर सोडा."

रजिस्ट्रेशन ऑगस्टमध्ये संपत होतं, हेही त्याने आधी सांगितलं नव्हतं. ते मला परिवहन अॅपवर दिसलं.

मी म्हटलं, "मामा, चला." मामा काहीच बोलला नाही. खालापूरच्या फूड मॉलपर्यंत बोलला नाही. तिथे वडापाव घेतला, तोही अर्धा ठेवला. मग म्हणाला, "आता माझं वय साठ. तू असं प्रत्येक गाडीत पाणी शोधत बसलास, तर मी टप उघडून जाणार कधी?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आपण उगाच शहाणपणा केला. मी त्याला एवढंच म्हटलं, "मामा, ही चोवीसची घेतली आणि टप, पंप, नूतनीकरण असं एकामागून एक निघालं, तर तुम्ही मामीला काय सांगणार?" तो पुढे घाट संपेपर्यंत गप्प होता. पण लोणावळा गेल्यावर म्हणाला, "पुढची कधी बघायची?"

मग आम्ही काय तपासलं

ऑक्टोबरमध्ये पुण्यातली एक २०१४ ची फेसलिफ्ट सापडली. एकच मालक, एमएच-१४ पासिंग, म्हणजे आमच्याच पिंपरी-चिंचवड आरटीओची. मागणी छत्तीस. यादी सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. इंजिन पूर्ण थंड असताना जा. मालकाला आधीच सांगा की सुरू करून ठेवू नका. या दोन टर्बोच्या इंजिनात, ज्याला एन-५४ म्हणतात, वेस्टगेट झिजले की थंड सुरुवातीला खळखळ ऐकू येते.

२. याच इंजिनाच्या हाय-प्रेशर फ्युएल पंपासाठी २०१० मध्ये अमेरिकेत रिकॉल निघाला होता. आपल्या गाडीत पंप, इंजेक्टर आणि विजेवर चालणारा वॉटर पंप कधी बदलला, त्याची बिलं मागा. बदलले असतील तर ते चांगलं, ती खर्चाची फेरी आधीच झालेली असते.

३. टप तीनदा उघडा, तीनदा बंद करा. मग डिकीचा गालिचा उचला आणि हात लावा. शक्य असेल तर पावसानंतरच्या सकाळी जा.

४. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीचा गालिचा बदलतात, बेल्टच्या आतल्या टोकावरची मातीची रेघ विसरतात.

५. स्कॅनमध्ये एरर नाहीत एवढं पुरेसं नाही, मॉनिटर पूर्ण आहेत का ते बघा.

६. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाडीत स्पेअर टायर नसतो, रनफ्लॅट असतात, आणि मागचे-पुढचे बहुतेक वेळा वेगळ्या मापाचे. म्हणून चार टायर म्हणजे मोठा खर्च.

७. लिफ्टवर घ्या. जमिनीपासूनची उंची पाच इंचांपेक्षा कमी, त्यामुळे पोटाला किती वेळा लागलंय ते खालून लगेच कळतं. ऑइल फिल्टरच्या बैठकीचं आणि वरच्या झाकणाचं गॅस्केट गळतंय का, तेही बघा.

८. कागद : कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बाकी असलेली चलनं, विम्याचे जुने क्लेम.

आमच्या गाडीत काय निघालं? टायर २०१७ चे. दिसायला नवे, कारण गाडी फार चाललीच नव्हती, पण रबर जुनं झालेलं. ऑइल फिल्टरजवळ थोडी गळती. टप तीनही वेळा सुरळीत, डिकी कोरडी. मालकाने पंपाची आणि इंजेक्टरची बिलं स्वतःहून काढून दिली. टायर आणि गॅस्केटचा खर्च दाखवून व्यवहार साडेतेहतीसवर ठरला.

मग तुम्ही कुठली घ्यायची?

बंद गॅरेज आहे आणि बजेट मोठं आहे, तर जी-२९ घ्या. त्यातही घाटात आणि गावात फिरायला २०आय भरपूर आहे, एम४०आय चे वरचे पैसे टायर आणि विम्याला ठेवा. बंद गॅरेज आहे, हाताने काम करायची आवड आहे आणि कागदांची चिकाटी आहे, तर ई-८५ ही तिघींत हलकी आणि साधी आहे. उघडं शेड, चार महिने पाऊस आणि मधलं बजेट असेल, तर ई-८९, शक्यतो फेसलिफ्ट, शक्यतो आपल्याच राज्यातली. आणि या तिन्ही ओळींच्या वरची ओळ : वाईट सांभाळलेल्या चांगल्या व्हर्जनपेक्षा नीट सांभाळलेली साधी व्हर्जन घ्या.

आणि खर्चाचे पैसे आधी बाजूला काढा. ते काढल्यावर गाडी बसत नसेल, तर ती गाडी आपल्या बजेटमधली नाही.

गाडी घरी आली तेव्हा अख्खी वाडी जमली. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "दोनच सीट? मग बाकीच्यांनी काय करायचं?" मामा म्हणाला, "बाकीच्यांसाठी एसटी आहे."

पहिल्या फेरीला शेजारी बसायचा मान आपलाच, असं मी गृहीत धरलं होतं. चार महिने मीच हिंडलो होतो ना! सकाळी सहाला पोचलो, तर मामी स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून आधीच आत बसलेली. मला म्हणाली, "तू मागून गाडीवर ये." मग मी माझ्या अॅक्टिव्हावर त्यांच्या मागे. पवनेच्या पाण्यावर धुकं होतं, समोर तिकोना अर्धाच दिसत होता. पहिल्या स्पीडब्रेकरला मामाने गाडी तिरकी घातली, अगदी जपून, आणि तरी खालून एकदा घासलीच. मामी ओरडली, "अहो, हळू! त्याचे पण सहा लाखांतूनच जाणार आहेत!"

पुढच्या भागात याच सहा लाखांचा पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब सांगतो, बिलांसकट. तोवर टप तीनदा उघडून बघितल्याशिवाय कोणाला टोकन देऊ नका. भेटू!